चांदणीचा ढेकर

ते साल एकोणीसशे नव्याण्णव. अगदी खात्रीने सांगते, कारण त्या वर्षी अख्ख्या पुण्याला एकच काळजी होती. एकतीस डिसेंबरला म्हणे जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते, आणि ते दुरुस्त करायला आपला मुलगा अमेरिकेत असेल की नाही, ही ती काळजी. नारायण पेठेत तेव्हा दर दुसऱ्या जिन्याखाली कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरही एक निघाला. दळण टाकायला गेलेली बाई मुलाचं नाव घालून परत यायची, आणि पीठ आणायला विसरायची.

अशा त्या साली माझ्या नातीने, नम्रताने, भर जेवणात जाहीर केलं, "मला गुरांची डॉक्टर व्हायचंय."

माझा मुलगा दत्तप्रसाद वरणात लिंबू पिळत होता. तो पिळतच राहिला. लिंबू संपलं, बिया संपल्या, तरी त्याची मूठ सुटेना.

"कोणाची?"

"गुरांची. गाई, म्हशी, शेळ्या."

दत्ताने खिडकीतून खाली पाहिलं. खाली तीन रिक्षा आणि एक भेळवाला होता. "लक्ष्मी रोडवर शेळ्या कुठायत?" त्याने विचारलं.

माझी सून दीपमाला म्हणाली, "आमटी वाढू का?" घरावर कोणतंही संकट आलं की दीपमाला आमटी वाढते. तिच्या या स्वभावामुळे आमच्या घरातली पुष्कळ भांडणं पोट भरून मिटली आहेत.

दत्ताचंही चुकत नव्हतं. तो पिंपरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि तिथे स्वेच्छानिवृत्तीचे वारे वाहत होते. काल शेजारच्या मशीनवर असलेला माणूस आज घरी टीव्हीसमोर, असं चाललं होतं. लोखंडाचे दिवस संपले, पुढचं सगळं कॉम्प्युटरवर, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. नम्रता बारावीला होती आणि तिने गणितही ठेवलं होतं आणि जीवशास्त्रही. मध्यमवर्गीय माणूस नेहमी दोन्ही दारं उघडी ठेवतो, आणि मग मधल्या वाऱ्याने सर्दी होते म्हणून कुरकुरतो. गणितावर इंजिनियरिंगचं दार होतं, जीवशास्त्रावर गुरांचं. पण दोन्हींचा अभ्यास झेपत नव्हता आणि दिवाळीच्या सुटीनंतर बोर्डाचा अर्ज भरायचा होता. त्याआधी एक विषय सोडणं भाग होतं. गणित एकदा सोडलं की इंजिनियरिंगचं दार कायमचं बंद.

"तुला झुरळ दिसलं तरी तू कॉटवर चढतेस," दत्ता म्हणाला. "तू बैलाला इंजेक्शन देणार?"

हे मात्र खरं होतं. नम्रता पाल हातात धरायची, उंदराच्या शेपटीला धरून त्याला गच्चीबाहेर सोडायची, पण झुरळ दिसलं की ती किंचाळायची ती पार नदीपात्रात ऐकू जाईल अशी.

"बैलाला मिशा हलवता येत नाहीत, बाबा," ती म्हणाली.

शेवटी ठरलं असं: दिवाळीपर्यंत नम्रताने आपल्याला जनावरांचं काम झेपतं हे दत्ताला पटवून द्यायचं. पटलं तर गणित सुटेल, नाही पटलं तर जीवशास्त्र. नम्रताने माझ्याकडे पाहिलं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. आयुष्यभर मी लोकांच्या लायनी जोडल्या. माझं एक तत्त्व आहे, जगात कोणतंही काम अडत नाही, योग्य माणसाशी लाइन जुळत नाही एवढंच. ही लाइन मी जोडायची ठरवली. पुढे जे झालं त्याची सुरुवात ही अशी साधी होती.

पहिली अडचण झुरळांचीच आली. बारावीच्या प्रॅक्टिकलला झुरळाचं विच्छेदन असायचं, आणि कॉलेजने सांगितलं की सरावासाठी झुरळं आपापली आणा. आता झुरळं काही वाण्याकडे मिळत नाहीत. मी म्हटलं, आपल्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं आहेत, शेजारधर्म म्हणून चार झुरळं सहज मिळतील. मी खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई दात्यांकडे गेले आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे झुरळं आहेत का हो?"

मंदाकिनीबाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घराण्याचा इतिहास काढला. "आमच्याकडे? झुरळं?" त्या म्हणाल्या. "आमचा साई न्यू जर्सीहून आला की आमच्या बाथरूममध्ये अनवाणी फिरतो! तुम्ही वरच्या मजल्यावर विचारा."

वरच्या मजल्याने तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्याने दारच अर्धं लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की मी घरोघरी जाऊन लोकांची स्वच्छता तपासते आहे. दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर काय! उंबऱ्यात एक लोणच्याची बरणी, झाकणाला भोकं पाडलेली, आत सात-आठ चांगली पोसलेली झुरळं, आणि बरणीवर नाव-गाव काही नाही. त्या आठवड्यात अशा चार बरण्या आल्या. पुणेरी माणूस मदत करतो, पण ती आपण केली हे कळू देत नाही.

नम्रताने डोळे मिटून, दीपमालाचा हात धरून, एका झुरळाची आतडी व्यवस्थित वेगळी केली. बाकीची बरणीतून सुटली. ती कुठे गेली हे मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्याचा परिणाम मी पाहिला होता.

दुसरी पायरी शिरवळची. तिथे गुरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे हे मला माहीत होतं. मी नम्रताला घेऊन स्वारगेटवरून एसटीत बसले. तिथल्या दवाखान्याच्या खिडकीत एक गृहस्थ पान चघळत बसले होते.

"पेशंट कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ही," मी नम्रताला पुढे करून म्हटलं.

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माणसांचा दवाखाना पलीकडच्या आळीला," ते म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.

पण आत एक प्रोफेसर भेटले, भले गृहस्थ. ते नम्रताला म्हणाले, "मार्क तर लागतीलच, पण आधी एक कर. महिनाभर जनावरांत राहून बघ. पुस्तकातली गाय लाथ मारत नाही आणि तिला वासही येत नाही. तुमच्या पुण्याजवळ वाघोलीला आमची एक विद्यार्थिनी डॉक्टर आहे, आम्रपाली रामटेके. तिच्याकडे जा. ती चांगली कडक आहे."

कडक म्हणजे किती, ते पहिल्याच रविवारी कळलं. डॉ. आम्रपाली भंडाऱ्याकडच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, मोटरसायकलवरून खेडोपाडी फिरणाऱ्या. त्यांनी नम्रताला विचारलं, "घाण वाटते का तुला?" नम्रता म्हणाली, "नाही." "भीती?" "झुरळाची." डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "मग ये. झुरळं आपली फी देत नाहीत." त्यांनी तिच्या हातात एका म्हशीची शेपटी दिली आणि सांगितलं, "मी म्हणेपर्यंत सोडायची नाही." नम्रताने शेपटी धरली. म्हशीने आपलं काम केलं. नम्रताने सोडली नाही.

ती घरी आली तेव्हा मंदाकिनीबाई जिन्यात होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला. "काय गं, आज क्लासला गेली होतीस वाटतं? चांगला रंगलेला दिसतोय."

मग दर रविवारी हेच. सल्लेही फुकट मिळू लागले. एकीने सांगितलं, माणसांच्या मेडिकलला मार्क कमी पडले की गुरांकडे जातात. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ खिस्ती यांनी, मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत 'डॉक्टर' एवढंच लिहा, पुढचं भेटीत सांगा, असा व्यवहारी सल्ला दिला. मंदाकिनीबाईंनी साईचं उदाहरण दिलं. मंदाकिनीबाई पावसाचा विषय निघाला तरी साईचं उदाहरण देत.

नम्रता मात्र फुलत होती. रवंथ कसं करतात, गाय बसते कशी, उठते कशी, डावी कूस कुठली, यावर ती जेवताना बोलायची. दत्ता ऐकायचा आणि म्हणायचा, "वाघोलीत तू काय करतेस ते मला काय माहीत? तिथे शेपटी धरतेस हे तू सांगतेस. शेपटीने सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी."

बरं, तू वाघोलीला चल, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, रविवारी मला कॉम्प्युटरचा क्लास आहे. होय, दत्तानेही गिरणीच्या माळ्यावर नाव घातलं होतं. स्वेच्छानिवृत्ती आलीच तर हाताशी असावं म्हणून. तिथे सोळा वर्षांच्या पोरांत बसून तो माऊस हलवायला शिकत होता, आणि त्या माऊसला तो इतका घट्ट धरायचा की सर म्हणायचे, "काका, तो पळत नाही."

दिवाळी आठवड्यावर आली. तेव्हा मला ती कल्पना सुचली. दत्ता गाईकडे जात नाही ना, मग गाय दत्ताकडे आणू.

वसुबारस तोंडावर आली होती. आम्ही पेठेतल्या बायका त्या दिवशी सवत्स गाईची पूजा करतो, म्हणजे वासरासकट गाईची. पण पेठेत गाय असते कुठे? आम्ही बहुतेक जणी पाटावर पितळेची गाय ठेवून भागवायचो. खरीखुरी गाय-वासरू सोसायटीत आलं तर बायका खूश होणार, नम्रता सगळ्यांदेखत गाय हाताळणार, आणि दत्ता कामावरून येऊन ते डोळ्यांनी बघणार. एका फोनमध्ये तीन लायनी!

डॉ. आम्रपालींच्या ओळखीने वाघोलीच्या कचरू सातवांची गाय ठरली. चांदणी तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका, सोबत महिन्याचं वासरू. कचरूंच्या घरचं दूधदुभतं तिच्याच जिवावर. ते म्हणाले, "आणतो की टेम्पोतनं. गुणाची हाय. पन जपा बरं, बाईसाहेब. माजी ती एकच हाय."

मी म्हटलं, "आमच्या बायका देवासारखी जपतील."

हे वाक्य मी नको तितकं खरं बोलले.

परवानगीसाठी मी बद्रीनाथ खिस्तींकडे गेले. त्यांनी सोसायटीचे नियम काढले, चष्मा पुसला आणि बराच वेळ वाचून म्हणाले, "नियमात कुत्रा आहे. मांजर आहे. पोपट पिंजऱ्यात असल्यास आहे. गाय नाही."

"म्हणजे बंदी नाही."

"म्हणजे परवानगीही नाही. सभा घ्यावी लागेल."

सभा झाली. गाय पाहुणी धरायची की वाहन, यावर चांगली खडाजंगी झाली. पाहुणी धरली तर जिना वापरायचा तिला अधिकार राहील, हे एकाने निदर्शनास आणलं. शेवटी गाय म्हणजे दोन स्कूटर आणि वासरू म्हणजे एक लुना, असं धरून पार्किंगमध्ये तेवढी जागा मंजूर झाली. बाहेरच्या वाहनाला अंधार पडेपर्यंतच थांबता येईल, अशी अटही घातली. मग कोणीतरी म्हणालं, शहरात गुरं आणायला वरून परवानगी लागते. मी एका कचेरीत गेले. तिने मला दुसरीकडे पाठवलं. दुसरीने विचारलं, गाय आजारी आहे का? आजारी नसेल तर आमचा संबंध नाही. तिसरीकडचे साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही विचारलंच नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. आता विचारलंत म्हणून नाही म्हणावं लागतंय." मी म्हटलं, "मग मी विचारलंच नाही असं समजा." ते म्हणाले, "कोण आपण?" इतका समजूतदार अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही.

वसुबारसेच्या दुपारी टेम्पो आला. चांदणी आमच्या गेटातून आत आली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गेटापासून पार्किंगपर्यंत आमच्याकडे चांगला सिमेंटचा चढ आहे. तो चढून ती अशी ऐटीत गेली, जणू फ्लॅट बघायला आलीय.

नम्रताने गाईपाशी पाटी लावली. 'गाईला प्रत्येकी एकच घास द्यावा. तळलेले व गोड देऊ नये.' पुण्यात पाटी ही दुसऱ्याने वाचण्यासाठी असते, हे ती विसरली.

आता आमच्या वसुबारसेचा रिवाज सांगते. उडदाचे वडे, भात, गोडधोड करून ते गाईला खाऊ घालायचं. आणि नुसतं पुढे ठेवून भागत नाही. गाईने ते खाल्लं पाहिजे. खाल्लं तर पूजा पावली. त्यातून शेजारणीचं खाल्लं आणि आपलं नाही, तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. सोसायटीच्या बारा बायका, शेजारच्या दोन इमारतींतल्या, आणि बातमी लागून आलेल्या समोरच्या गल्लीतल्या, अशी रांग गेटाबाहेर गेली.

"काकू, एकच घास," नम्रता म्हणत होती.

"एकच आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी अख्खी पुरणपोळी घडी घालून चांदणीच्या तोंडात दिली. "बघा कशी खाल्ली! साईसाठी करते तशीच केलीय."

"माझे वडे बाजूला सारले हो तिने," दुसरी कळवळली. "पुन्हा देऊन बघते."

"अहो, तिचं पोट बिघडेल!" नम्रता हात आडवा घालत म्हणाली.

"हे बघ बाळ, तू अजून डॉक्टर झालेली नाहीस. आणि देवाला कधी बाधत नाही."

भात झाला, गूळ झाला, बाजरीच्या भाकऱ्या झाल्या. कोणीतरी आदल्या दिवशीची शंकरपाळीही सरकवली. मीही माझ्या हातची खीर घेऊन उभी होतेच; रांग मोडली असती तर बरं दिसलं नसतं. कचरू हे बघून म्हणाले, "बास करा की आता," पण त्यांना कोणीतरी चहाला नेलं. आदरातिथ्य आमच्याकडे योग्य वेळी नसतं, ते त्या दिवशी नेमकं अयोग्य वेळी झालं.

दत्ता कामावरून आला आणि डबा हातात घेऊन गेटापाशी उभा राहिला. तो बघणार होता, म्हणून मी खूश होते. आणि तेवढ्यात नम्रता म्हणाली, "आजी, ती रवंथ करत नाहीये."

चांदणीचं तोंड थांबलं होतं. तिने मागच्या पायाने स्वतःच्या पोटाला लाथ मारली. मग पुन्हा. तिची डावी कूस वर येत होती, वर येतच होती, पुरी फुगावी तशी. नम्रताने तिथे टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

कचरू धावत आले. त्यांनी कुशीवर हात ठेवला, आणि मघापासून हसणारा तो माणूस पांढरा पडला. "फुगली," ते म्हणाले. "माजी गाय फुगली. मागच्या साली पाटलाची आशीच गेली, तासाभरात."

हातातली ताटं हातातच राहिली. मंदाकिनीबाईंनी पहिल्यांदाच साईचं उदाहरण दिलं नाही.

नम्रता ओरडली, "आजी, डॉक्टरांना फोन!"

आमचा फोन पहिल्या मजल्यावर, गाय खाली. मी जिना चढून गेले, कशी ते माझ्या गुडघ्यांना माहीत. नंबर लावला, आणि लांब वायर ओढून गॅलरीत आले. देवाची कृपा, डॉ. आम्रपाली घरी होत्या.

"डावी कूस फुगलीय, रवंथ बंद, ढोलासारखं वाजतंय!" नम्रताने खालून सांगितलं. मी शब्दन् शब्द फोनमध्ये सांगितला.

"तिला सांगा, बसू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचे पाय उंचावर घ्या. तोंडात आडवं लाकूड बांधा, लगामासारखं. चघळत राहील, लाळ सुटेल, गॅस वर येईल. गोडेतेल पाजा, बाटलीने, सावकाश. डोकं फार वर करायचं नाही, नाहीतर तेल फुप्फुसात जाईल. मी निघते."

मी गॅलरीतून खाली सांगत होते, खालचं वर सांगत होते. इतक्या वर्षांनी मी पुन्हा ट्रंक ऑपरेटर झाले होते. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन मिनिटं झाली, पुढे वाढवू का?" डॉक्टर म्हणाल्या, "आजी, फोन ठेवा, मला मोटरसायकल काढू द्या!"

खाली मग जी पळापळ झाली ती अशी. चांदणीला वळवून त्या सिमेंटच्या चढावर उभं केलं, पुढचे पाय वर, मागचे खाली. लाकूड कुठलं? दीपमाला धावत वर गेली आणि आपलं शिसवी लाटणं घेऊन आली. ते चांदणीच्या तोंडात आडवं बसवलं. बांधायला दोरी मिळेना, तेव्हा बद्रीनाथ खिस्तींनी गॅलरीत वाळत घातलेल्या आपल्या लेंग्याची नाडी ओढून काढून दिली. सोसायटीच्या कामासाठी त्यांनी स्वतःचं काही दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तेल मंदाकिनीबाईंनी आणलं, चकलीसाठी आणलेल्या डब्यातून, सरबताच्या बाटलीत भरून.

"शेंगदाण्याचं आहे," त्या म्हणाल्या. "घाण्याचं. रिफाइंड नाही."

"बाबा," नम्रता म्हणाली, "डबा ठेवा. डोकं धरा."

दत्ताने मागे वळून पाहिलं, आपल्याच मागे दुसरे कोणी बाबा आहेत का म्हणून. मग त्याने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी चांदणीचं डोकं धरलं.

"वर नाही! सरळ. घट्ट धरा, पण ओढू नका."

"बरं," दत्ता म्हणाला. बापाने लेकीला असं नुसतं 'बरं' म्हटलेलं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

नम्रताने थोडं थोडं तेल पाजलं. मग डाव्या कुशीला खांदा लावून ती मुठीने दाबत राहिली, गोल गोल, न थांबता. तिचा नवा पंजाबी ड्रेस शेण, कुंकू आणि तेल यांनी एकाच रंगाचा झाला होता. चांदणी लाटणं चघळत होती. लाळेच्या तारा दत्ताच्या शर्टावर उतरत होत्या. कचरू वासराला मिठी मारून बसले होते. चांदणीचे गुडघे एकदा लचकले आणि सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई" निघालं. "बसू नकोस," नम्रता तिच्या कानात म्हणत होती, "बसू नकोस हं, राणी."

आणि मग तो आला.

तो ढेकर कसा होता हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. आधी जमिनीखालून गडगडल्यासारखं झालं, मग चांदणीची मान लांब झाली, आणि सरळ दत्ताच्या तोंडावर, सबंध पार्किंगभर, एक लांबच लांब, घुमणारा, तृप्त ढेकर निघाला. दत्ताचा चष्मा पांढरा झाला. त्या ढेकरात सगळ्या बिऱ्हाडांचा स्वयंपाक होता. पुढे उभ्या बाईने हुंगून सांगितलं, "वडे! माझेच वडे. खाल्ले होते तर!"

मग दुसरा आला, तिसरा आला. कूस खाली बसू लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. संगीताच्या मैफिलीतही आमच्याकडे इतक्या मनापासून टाळ्या पडत नाहीत. चांदणीने मग आपल्या जागेवर परत येऊन शेपटी उचलली आणि बाकीचा हिशेब तिथे लावलेल्या बद्रीनाथ खिस्तींच्या स्कूटरवर मोकळा केला. पण नियमाप्रमाणे ती जागा तिलाच दिलेली होती, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

डॉ. आम्रपाली दिवाळीची गर्दी कापत पोचल्या तेव्हा चांदणी रवंथ करत होती. त्यांनी तपासलं, औषध पाजलं, आणि मग आम्हा सगळ्यांकडे वळल्या. राग आला की त्यांची भंडाऱ्याची बोली वर यायची.

"गाय हाय का पोस्टाची पेटी? जो येते तो टाकून जाते! पूजा करता ना? मग नमस्कार करा अन् घरी जा. खाऊ कायले घालता?"

बायकांनी हातातली ताटं पदराखाली झाकली. पुण्यात शेजारणीला ताट न दाखवणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मग त्यांनी लाटण्याकडे पाहिलं, नाडीच्या गाठीकडे पाहिलं. "कोणी बांधलं हे?" नम्रताने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "चांगलं बांधलंस," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच. नम्रता इतका वेळ रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

सगळ्यांनी दत्ताकडे पाहिलं. आता हा काय बोलतो? तो रुमालाने चष्मा पुसत होता. त्याने घसा साफ केला, आणि तेवढ्यात पार्किंगच्या गटारातून, सांडलेल्या पुरणाच्या वासाने, एक मोठं तांबूस झुरळ बाहेर आलं. ते बरणीतून सुटलेल्यांपैकी होतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण चांगलं पोसलेलं होतं.

नम्रता किंचाळली आणि एका उडीत बद्रीनाथांच्या त्या तसल्या स्कूटरवर चढली.

"झालं!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ह्या आमच्या गुरांच्या डॉक्टर!"

दत्ताने शांतपणे पायातली चप्पल काढली, दोन पावलं पुढे गेला आणि एका फटक्यात झुरळ संपवलं. मग चप्पल पायात घालत, स्कूटरवर उभ्या असलेल्या लेकीला म्हणाला, "झुरळांचं मी बघीन. तू गणित सोड."

दीपमाला म्हणाली, "चला, आमटी गरम करते."

नम्रताने गणित सोडलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला तिने एक डोळा मिटून झुरळ चिरलं आणि उन्हाळ्यानंतर शिरवळला गेली. एकतीस डिसेंबरला जगातले कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. साई दात्ये पुढे परत आला, हिंजवडीत नोकरीला लागला आणि त्याने दोन कुत्रे पाळले. त्यांना ताप आला की मंदाकिनीबाई नम्रताला फोन करतात आणि सुरुवातच अशी करतात, "आमच्या साईचा कुत्रा म्हणून सांगत नाही, पण..." बद्रीनाथ खिस्तींनी नियमांत गाय घातली, वासरू घातलं, आणि पुढे कोणी विचारू नये म्हणून हत्तीही घातला, ते आता नाहीत, नियम आहेत. डॉ. आम्रपाली मोठ्या अधिकारी होऊन भंडाऱ्याकडे गेल्या आणि तिथून निवृत्त झाल्या, दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि त्या आधी विचारतात, "कोणाले खाऊ घातलं का?" कचरूंच्या गोठ्यापलीकडे आता बावीस मजली इमारती आहेत, पण त्यांनी गोठा ठेवलाय आणि त्यात चांदणीची पणती आहे, कपाळावर तोच ठिपका. चांदणी म्हातारी होऊन, शांतपणे, रवंथ करता करता गेली.

दीपमालाचं लाटणं नम्रताच्या वाघोलीच्या दवाखान्यात टेबलाच्या खणात आहे. त्यावर दातांच्या खुणा आहेत. पोळ्यांसाठी दीपमालाने दुसरं घेतलं, पण त्याने पोळी गोल होत नाही, असं ती अजून म्हणते.

आणि दत्ता? त्याचा कारखाना दोन वर्षांनी बंद झाला. त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, माऊस कायमचा खाली ठेवला, आणि लेकीचा दवाखाना निघाल्यापासून रोज सकाळी तिच्याबरोबर वाघोलीला जातो. गाईचं डोकं त्याच्यासारखं कोणी धरत नाही. वर नाही, खाली नाही, अगदी सरळ. मी ऐंशी ओलांडल्यावर एकदा तिथे बघायला गेले होते. कचरूंच्या बैलाच्या पायाला नम्रता टाके घालत होती, हात अगदी स्थिर. मग ती पट्टी आणायला आत गेली. एकाएकी आतल्या खोलीतून तीच किंकाळी आली, जी मी नारायण पेठेत ऐकत आले होते, आणि बैलसुद्धा दचकला.

दत्ताने बैलाचं डोकं कचरूंच्या हातात दिलं, पायातली चप्पल काढली आणि आत गेला.